वीस लाखांचा एकर : पैसे नेमके कशाचे?

तालुक्याच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवरची साधी जिरायत जमीन. विहीर नाही, कॅनॉल नाही. हिशोबासाठी तिचा भाव एकरी वीस लाख धरू. काही शिवारांत हा आकडा कमी वाटेल, काही ठिकाणी ऐकणारा हसेल. हिशोबाची रीत मात्र सगळीकडे तीच.

या एकरात सोयाबीन घेतलं आणि सात क्विंटलचा उतारा पडला. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. म्हणजे ३७,२९६ रुपये, तेही हमीभाव मिळाला तर. नांगरट, रोटावेटर, तीस किलो बियाणं, खत, तणनाशक, दोन-तीन फवारण्या, काढणीची उक्ती, मळणी असं सगळं मिळून बावीस हजार धरा. हातात राहतात पंधरा हजार. खंडानं, म्हणजे वर्षाला ठरीव रकमेवर दुसऱ्याला कसायला दिली (कुठे मक्ता म्हणतात, कुठे ठोका) तरी आकडा याच्याच आसपास येतो, आणि तो योगायोग नाही. खंडकरी घरची मजुरी वगळून जे उरेल तेवढंच मालकाला देऊ शकतो.

वीस लाखांवर पंधरा हजार म्हणजे वर्षाला पाऊण टक्का. बँकेतली ठेव सात टक्के देते असं धरलं, तर पंधरा हजारांचं उत्पन्न देणाऱ्या वस्तूची किंमत पंधरा हजार भागिले ०.०७, म्हणजे साधारण २ लाख १४ हजार होते. पण यावर जमीनवाला म्हणेल, ठेवीचं व्याज आहे तिथंच राहतं, खंड मात्र वाढत जातो. बरोबर आहे. खंड दरवर्षी ५ टक्क्यांनी कायम वाढत राहील असं धरू. मग भागायचं ते ७ वजा ५, म्हणजे २ टक्क्यांनी. उत्तर येतं साडेसात लाख. शेतीच्या बाजूनं यापेक्षा उदार हिशोब करता येत नाही.

उरले साडेबारा लाख. ते पिकाचे नाहीत. व्यवहार फसतात ते या साडेबारा लाखांपायी, आणि त्यांचा हिशोब सातबारा, नकाशा आणि फेरफार (हक्क बदलल्याची नोंद) यांतच लागतो. जाता जाता एवढंच, की वीस लाख दहा टक्के व्याजानं उचलून जमीन घेणाऱ्याला पहिल्या वर्षी दोन लाख व्याज भरायचं असतं आणि खंडाचे पंधरा हजार यायचे असतात. शेतीच्या भरवशावर असलं कर्ज फिटत नाही.

साडेबारा लाखांतला मोठा भाग 'उद्या इथं घरं होतील' या आशेचा असतो. ती आशा मोजायची एक साधी खूण आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४२-ड प्रमाणे गावठाणाच्या (गावाच्या घरवस्तीच्या) हद्दीपासून २०० मीटरच्या आतल्या जमिनीला निवासी वापरासाठी वेगळी बिनशेती परवानगी लागत नाही. ठरलेला कर भरला की झालं. त्यामुळे १९० मीटरवरचा गट (सरकारी क्रमांकाचा जमिनीचा तुकडा) आणि २३० मीटरवरचा गट यांच्या मातीत फरक नसला तरी भावात पडतो. शहराजवळ हेच काम विकास आराखडा किंवा प्रादेशिक योजना करते. गट निवासी विभागात आहे की शेती विभागात, हे 'झोन दाखल्या'त लिहिलेलं असतं. एजंट "येलो होणारच आहे" म्हणतो तेव्हा ती जमीन आज ग्रीनमध्ये, म्हणजे शेती विभागात आहे, एवढंच समजायचं.

सरकारी मूल्यदर तक्ता, म्हणजे आपला रेडीरेकनर, हाच भेद मानतो. ग्रामीण भागात शेतजमिनीचा दर हेक्टरी असतो आणि तो जमिनीच्या आकारणीच्या (शेतसाऱ्याच्या) गटांप्रमाणे बदलतो. त्याशिवाय महामार्गालगतच्या जमिनी आणि 'संभाव्य बिनशेती' यांचे दर वेगळे. आपला गट कोणत्या रकान्यात बसतो ते दुय्यम निबंधकाकडे जाण्याआधी पाहून घ्या. मुद्रांक शुल्क दस्तातली किंमत आणि या तक्त्याची किंमत यांतल्या मोठ्या आकड्यावर लागतं. जिरायत म्हणून हिशोब करून गेलात आणि सातबाऱ्यावर विहिरीची नोंद निघाली, तर बागायतीचा दर लागून ऐनवेळी चलन वाढतं. नोंदणी फी १ टक्का, जास्तीत जास्त ३०,००० रुपये.

दुसरा भाग रस्त्याचा. "रस्ता आहे" या दोन शब्दांचे तीन अर्थ होतात. एक, गावनकाशावर रस्ता आहे. नकाशात तुटक दुहेरी रेघ म्हणजे गाडीमार्ग, रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट. तुटक एकेरी रेघ म्हणजे पायमार्ग, सव्वाआठ फूट. दोन, नकाशावर नाही पण वहिवाटीनं बैलगाडी जाते. तीन, शेजारी चांगला माणूस आहे म्हणून जाऊ देतो. भाव सांगताना तिन्हींना रस्ताच म्हणतात. पण तिसऱ्या प्रकारात शेजाऱ्यानं जमीन विकली किंवा तो वारला, की ट्रॅक्टर बांधावर थांबतो. मग वाटा दोन. असलेला रस्ता अडवला असेल तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदारांकडे दावा; तो अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत लावावा लागतो, आणि निम्म्या लोकांची मुदत समजुतीच्या बैठकांतच निघून जाते. रस्ता मुळातच नसेल तर महसूल संहितेच्या कलम १४३ खाली बांधावरून नव्या रस्त्याची मागणी. त्यात तहसीलदार दुसरा जवळचा मार्ग आहे का, शेजाऱ्याचं नुकसान किती, मागणाऱ्याची गरज किती हे पाहतात. आदेश झाला तर तो सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात चढवून घ्या, म्हणजे पुढच्या मालकालाही बांधील राहतो. ज्या गटाचा रस्ता तिसऱ्या प्रकारात मोडतो, त्याला रस्त्यालगतच्या गटाचा भाव देणं म्हणजे शेजाऱ्याच्या स्वभावाचे पैसे मोजणं.

आता सातबारा. महाभूलेखवर फुकट दिसतो तो माहितीपुरता. व्यवहाराला डिजिटल सहीचा लागतो, तो पंधरा रुपयांत मिळतो. एक नमुना घेऊ. गाव नमुना सातवर क्षेत्र असं लिहिलंय : लागवडयोग्य ०.७२, पोटखराब वर्ग अ ०.०६, वर्ग ब ०.०२, एकूण ०.८०. विकणारा म्हणतो, "दोन एकर आहे."

दोन एकर नाही. सातबाऱ्यावरचं माप हेक्टर आणि आर. आर म्हणजे १०० चौरस मीटर, साधारण १,०७६ चौरस फूट. गुंठा म्हणजे ३३ फूट बाय ३३ फूट, १,०८९ चौरस फूट. बोलताना दोन्हींना गुंठाच म्हणतात आणि घोळ तिथून सुरू होतो. ८० आर म्हणजे ७९.०७ गुंठे. दोन एकराला ८० गुंठे लागतात, म्हणजे ८०.९४ आर. फरक जवळपास एका गुंठ्याचा. वीस लाख एकरानं गुंठा पन्नास हजाराला पडतो, तेव्हा साधारण ४६ हजारांचा फटका इथंच बसला.

पुढे पोटखराबा. वर्ग अ म्हणजे खडकाळ, नाल्याच्या काठची, लागवडीला न धरलेली जमीन. ती मालकाचीच असते, सुधारून लागवडीखाली आणता येते आणि तशी नोंदही करून घेता येते. वर्ग ब वेगळा. रस्ता, ओढा, स्मशान असल्या सार्वजनिक कामाला गेलेलं क्षेत्र म्हणजे वर्ग ब. ते कागदावर गटात असलं तरी वापराला मिळत नाही. नमुन्यातले २ आर म्हणजे साधारण ९९ हजार रुपये. तेव्हा भाव लावायचा तो ब वजा करून. वर्ग अ ला किती धरायचं हे तिथं उभं राहून ठरवा. मुरूम असेल तर वेगळी गोष्ट, ओढ्याची घळ असेल तर वेगळी.

क्षेत्राखालोखाल भोगवटादार वर्ग, म्हणजे मालकीचा प्रकार. वर्ग १ असेल तर जमीन विकायला मालकाला सहसा कोणाची परवानगी लागत नाही. वर्ग २ असेल तर हस्तांतरणावर बंधन आहे, आणि सगळे वर्ग २ सारखे नसतात हे फार कमी लोक लक्षात घेतात. कुळकायद्यानं (कसणाऱ्या कुळाला मालकी देणाऱ्या कायद्यानं) मिळालेली जमीन असेल तर इतर हक्कांत 'कलम ४३ ला पात्र' असा शेरा असतो. कुळाला ३२-म चं (जमीन विकत मिळाल्याचं) प्रमाणपत्र मिळून दहा वर्षं झाली असतील, तर २०१४ च्या दुरुस्तीनुसार आकाराच्या (सातबाऱ्यावरच्या शेतसाऱ्याच्या) चाळीसपट नजराणा सरकारला भरून ती विकता येते. आकार साडेचार रुपये असेल तर चाळीसपट म्हणजे १८० रुपये! एवढ्यासाठी 'वर्ग २ आहे' म्हणून भाव दोन-तीन लाखांनी पाडून मागणारे भेटतात, आणि माहिती नसलेला मालक देऊनही टाकतो. उलट वतनाची (गावकामाच्या बदल्यात पूर्वी दिलेली), नवीन अविभाज्य शर्तीची जमीन असेल तर नजराणा बाजारमूल्याच्या निम्म्यापर्यंत जातो आणि परवानगी आधी घ्यावी लागते. न घेता खरेदी केली तर शर्तभंग होऊन जमीन सरकारजमा होऊ शकते. देवस्थान इनाम असेल तर तो सातबारा घडी घालून परत द्यावा. आदिवासी खातेदाराची जमीन बिगर आदिवासीनं घ्यायची तर महसूल संहितेच्या कलम ३६ आणि ३६-अ च्या मंजुऱ्या लागतात. त्याशिवाय झालेला व्यवहार उलटू शकतो. घेणारा स्वतः शेतकरी नसेल तर कुळकायद्याचं कलम ६३ आडवं येतं, तेव्हा खरेदीदाराच्या नावाचा राज्यातला कुठला तरी सातबारा आधी हातात हवा.

नावांचा रकाना वाचायला वेळ लागतो. नावापुढं 'एकुम' असेल तर तो एकत्र कुटुंबाचा मॅनेजर आहे, एकटा मालक नव्हे. 'अपाक' म्हणजे अज्ञान पालनकर्ता, मालक तेव्हा सज्ञान नव्हता. बऱ्याच एकुम नोंदी साठ-सत्तरच्या दशकातल्या असतात, भाऊ-भाऊ वाटून खाऊन मोकळे झालेले असतात आणि बहिणींचं नाव कुठल्याच फेरफाराला आलेलं नसतं. मुलींना जन्मानं हक्क महाराष्ट्रात १९९४ च्या दुरुस्तीनं आला, देशभर ९ सप्टेंबर २००५ ला. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयानं, त्या तारखेला वडील हयात नसले तरी हक्क जात नाही, असं स्पष्ट केलं. त्यामुळे मूळ पुरुषापासूनची वंशावळ कागदावर काढायची आणि प्रत्येक नावापुढं टिपायचं : सही, की हक्कसोडपत्र, की वारसनोंद. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच हवं. तलाठ्यापुढं दिलेला 'मला हिस्सा नको' असा जबाब पुढं कोर्टात टिकेलच असं नाही. बहिणीची सही नसलेल्या व्यवहारात पैसे वाचत नाहीत, ते पंधरा वर्षांनी वकिलाकडं जातात.

क्षेत्र सामाईक असेल तर कोणाच्या नावावर नेमका कोणता तुकडा हे कागदावर नसतंच. पूर्वेचा रस्त्याकडचा भाग दाखवून अविभक्त हिस्सा विकतात. दस्तात चतुःसीमा लिहिल्या तरी बाकीच्या खातेदारांवर त्या बंधनकारक होत नाहीत. आधी महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडून वाटप किंवा नोंदणीकृत वाटणीपत्र, मग पोटहिस्सा मोजणी, मग खरेदी, हा क्रम धरा.

सातबाऱ्यावरच्या कंसातल्या नोंदी कमी झालेल्या समजायच्या, पण का कमी झाल्या ते फेरफारात वाचायचं. सोसायटीच्या कर्जाचा बोजा फिटला असेल तर 'बोजा कमी' असा फेरफार हवाच. बेबाकी (कर्ज फिटल्याचा) दाखला हातात असणं पुरत नाही. सातबाऱ्याच्या तळाशी जुन्या फेरफारांचे क्रमांक असतात. ते एकेक करून काढा, निदान १९५० च्या दशकापर्यंत मागे जा. विखुरलेले तुकडे जोडणाऱ्या एकत्रीकरण योजनेत सर्व्हे नंबरांचे गट नंबर झालेत, म्हणून शोध दोन्ही नंबरांनी घ्यायचा. तिथली चूक सगळ्यात महागाची असते : सातबाऱ्यावर क्षेत्र जास्त, गटनकाशात कमी. मग आकारफोड, गुणाकार बुक, फाळणी बारा हे जुन्या मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयातून काढून जुळवावे लागतात. लिहिण्यातली चूक असेल तर कलम १५५ खाली तहसीलदार दुरुस्त करतात. योजनेतलीच चूक असेल तर प्रकरण भूमी अभिलेखच्या वरच्या अधिकाऱ्यांपर्यंत जातं.

मोजणीचा अर्ज खातेदारालाच करता येतो, म्हणून विसार देतानाच 'मोजणी विकणाऱ्यानं करून द्यायची, क्षेत्र कमी भरलं तर किंमत त्या प्रमाणात कमी' हे वाक्य विसारपावतीत घाला. मोजणीच्या दिवशी लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्यात का ते बघा. नोटीस न मिळालेला शेजारी नंतर निमताना मोजणी, म्हणजे वरच्या अधिकाऱ्याकडून फेरमोजणी मागतो आणि रोवलेल्या खुणा पुन्हा हलतात. मोजणीचा नकाशा, म्हणजे 'क' प्रत, हातात आल्याशिवाय तारेचं कुंपण नको.

खरेदीखतानंतर फेरफार. नोंद धरली की नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवस, मग मंडल अधिकारी प्रमाणित करतात. हरकत आली तर तक्रार नोंदवहीत जाऊन सुनावणी लागते. फेरफारानं मालकी मिळत नाही, ती दस्तानं मिळते. पण कलम १५७ प्रमाणे नोंद खोटी ठरेपर्यंत खरी धरली जाते, म्हणून ताजी नोंद विरोधात गेली तर प्रांताकडं (उपविभागीय अधिकाऱ्याकडं) अपिलाचे साठ दिवस हातचे घालवू नका.

तुकड्यांचा बाजार वेगळाच. वीस लाखांचा एकर गुंठ्यागुंठ्यानं विकला की गुंठा दीड लाखालाही जातो. चाळीस गुंठ्यांतून रस्ते आणि मोकळी जागा सोडली तर विकायला सव्वीस-अठ्ठावीस गुंठे उरतात. तरी चाळीस लाख होतात. म्हणून हा धंदा थांबत नाही. तुकडेबंदीचा कायदा १९४७ चा. २०२३ पासून बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र, म्हणजे ज्याहून लहान तुकडा पाडता येत नाही ते, जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. २०२५ मध्ये शहरी हद्दी आणि आराखड्यातल्या बिनशेती वापराच्या भागांत ही बंधनं बरीच ढिली झाली, निव्वळ शेती विभागात नाहीत. तिथं सरळ दस्त होत नाही म्हणून दहा-अकरा जणांच्या नावे सामाईक खरेदीखत करतात आणि चुन्याच्या फक्कीनं प्लॉट पाडून देतात. अशा खरेदीदाराकडं घर असतं, पण 'हाच माझा गुंठा' म्हणणारा एकही सरकारी कागद नसतो. कोणी एकानं हिस्सा गहाण टाकला किंवा भांडण काढलं, की दहाही जण अडकतात.

इथं खंडाकडं परत यायला हवं. खंडाचे व्यवहार तोंडी का चालतात? मालकाला कुळाची भीती. १९४८ च्या कुळकायद्याची आणि १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनाची (त्या दिवशी कुळं मालक धरली गेली) आठवण अजून गेलेली नाही. लेखी दिलं तर उद्या हा कूळ लागेल, म्हणून अकरा महिन्यांसाठी शब्दावर जमीन दिली जाते आणि दर दोन-तीन वर्षांनी खंडकरी बदलला जातो. त्याच्याकडं कागद नसल्यानं पीककर्ज मालकाच्या नावे, नुकसानभरपाईही मालकाच्या खात्यात. जो आज आहे आणि उद्या नाही, तो शेणखत कशाला टाकेल, बांध कशाला घालेल? एकराचा खंड पंधरा हजारांवरच रेंगाळतो त्याचं हे एक कारण आहे. दुसरीकडं शहरात राहणारा मालक पाऊण टक्क्यावरही जमीन विकत नाही, कारण त्याला साडेबारा लाखांची आशा सांभाळायची असते.

आशेला करसवलतीचा टेकूही आहे. ग्रामीण शेतजमीन विकून झालेल्या नफ्यावर भांडवली नफ्याचा कर लागत नाही. ग्रामीण म्हणजे कुठली, ते नगरपालिकेच्या हद्दीपासूनच्या सरळ रेषेतल्या अंतरानं ठरतं : दहा हजार ते एक लाख लोकसंख्येच्या गावापासून २ किलोमीटर, एक ते दहा लाखांच्या शहरापासून ६, त्याहून मोठ्या शहरापासून ८. या रेषेच्या बाहेरची जमीन पैसे ठेवायला सोयीची पडते, आणि शेती न करणाऱ्यांची मागणी तिथं येते.

शेवटी दस्तातल्या आकड्याबद्दल, कारण त्याची किंमत सगळं गाव मोजतं. एकोणीस लाखांचा व्यवहार, दस्त आठ लाखांचा, बाकी रोख. मुद्रांक वाचला म्हणून दोघेही खूश. पुढं गावातून महामार्ग गेला. २०१३ च्या भूसंपादन कायद्याच्या कलम २६ प्रमाणे आधीच्या तीन वर्षांत त्या गावात किंवा लगत झालेली तशाच जमिनीची खरेदीखतं काढतात, त्यांतली जास्त किमतीची निम्मी निवडतात आणि त्यांची सरासरी घेतात. रेडीरेकनरची किंमत त्याहून जास्त असेल तर ती.

समजा गावात सहा दस्त झाले : सहा, सात, आठ, आठ, नऊ आणि शेवटचा पुन्हा आठ लाखांचा. वरचे तीन म्हणजे नऊ, आठ, आठ. सरासरी ८ लाख ३३ हजार. तोच शेवटचा दस्त कोणी खऱ्या एकोणीस लाखांना केला असता, तर वरचे तीन एकोणीस, नऊ, आठ. सरासरी बारा लाख. एकटाच फार वेगळा आकडा जिल्हाधिकारी बाजूला ठेवू शकतात हे खरं, पण दोन-तीन दस्त खरे असले तर तसं करणं अवघड जातं. या सरासरीला ग्रामीण भागाचा गुणांक लागतो, १ ते २ मधला, आणि येणाऱ्या रकमेवर तेवढंच दिलासा मूल्य. गुणांक १ धरला तरी ८ लाख ३३ हजारांचे १६ लाख ६६ हजार होतात आणि बारा लाखांचे चोवीस. एकरामागं सात लाखांहून अधिक फरक, तोही ज्यांनी उभ्या आयुष्यात एक गुंठा विकला नाही अशांच्या खात्यात.